सोलेनॉइडच्या ट्रान्झिस्टरला डायोड नक्की कोणता लावायचा? तिसऱ्यांदा बोर्ड उडालाय

द्राक्षबाग दिंडोरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दिंडोरीजवळ आमची अडीच एकर थॉमसनची बाग आहे, ठिबकचे चार प्लॉट पाडलेत. रात्रीची लाईट आली की उठायचं, बागेत जायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, येऊन पडायचं आणि दोन तासांनी परत जायचं, वडील हे अजून करतात आणि मला ते बघवत नाही म्हणून गोडी छाटणीच्या आधी मी ईएसपी३२ (छोटा प्रोग्राम करता येणारा कंट्रोलर) वर एक बोर्ड बनवला. १२ व्होल्टचे चार सोलेनॉइड व्हॉल्व्ह (कॉइलला करंट दिला की उघडणारे), सोलरवर चार्ज होणारी १२ व्होल्टची बॅटरी, आणि प्रत्येक व्हॉल्व्हला एक ट्रान्झिस्टर.

पहिल्यांदा बीसी५४७ लावले, दुसऱ्याच दिवशी गेले. मग दुकानदाराने टीआयपी१२२ दिले, म्हणाला पाच अँपचा आहे, याला काही होत नाही. तीन आठवडे छान चालले आणि मग दोन नंबरचा शॉर्ट होऊन कायमचा ऑन राहिला, म्हणजे त्या प्लॉटला रात्रभर पाणी. बदलला, परत तोच गेला. शिवाय व्हॉल्व्ह बंद होताना पाच-सहा वेळांतून एकदा ईएसपी रिस्टार्ट होतो.

डायोड लावलाय हो, न लावता विचारत नाहीये. १एन४००७, ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि एमिटरच्या मध्ये, पट्टी कलेक्टरकडे. आता एक जण म्हणतो ४००७ स्लो असतो, ४१४८ लाव, दुसरा म्हणतो शॉटकीच (फास्ट जातीचा डायोड) लाव, तिसरा म्हणतो कॉइल हजारो व्होल्ट फेकते, १००० व्होल्टचा पण पुरणार नाही. शनिवारी एम.जी. रोडला चक्कर आहे, जे काय आहे ते एकदाच आणतो.

अंबडचा वायरमन

भाऊ, आधी दोन गोष्टी मीटरने मोजून सांग. एक, व्हॉल्व्हच्या कॉइलचा ओहम किती. दोन, बोर्डपासून व्हॉल्व्हपर्यंत वायर किती मीटर. हे कळल्याशिवाय कुणी डायोडचा नंबर सांगत असेल तर तो अंदाजपंचे आहे.

द्राक्षबाग दिंडोरी

कॉइल ३० ओहम. वायर सगळ्यात जवळच्याला १५ मीटर, लांबच्याला साधारण ४०.

लॅबवाली गंगापूर रोड

दादा, तुमचा डायोड चुकीचा नाहीये, चुकीच्या जागी आहे. मी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये काम करते, हीच चूक दरवर्षी प्रोजेक्टच्या सीझनला बघते त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

कॉइलमधला करंट एका क्षणात शून्य होऊ शकत नाही. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी कॉइल म्हणते मी आत्ता ४०० मिलीअँप वाहवत होते, ते वाहतच राहणार. तिला वाट मिळाली नाही तर ती स्वतःच्या दोन टोकांमधला व्होल्टेज वाढवत जाते, जिथे काहीतरी फुटून वाट मिळेल तिथपर्यंत. बंद करताना कॉइलचं ट्रान्झिस्टरकडचं टोक वर जातं, बॅटरीच्या प्लसच्याही कितीतरी वर. आता तुमचा कलेक्टर-एमिटरमधला डायोड बघा. कलेक्टर प्लसमध्ये वर जातोय आणि पट्टी कलेक्टरकडेच आहे, डायोडमधून करंट पट्टीच्या दिशेनेच जातो, म्हणजे डायोड उलटा, बंद. तो १००० व्होल्टपर्यंत बंदच बसून राहणार. टीआयपी१२२ चं रेटिंग १०० व्होल्ट. मग आधी कोण हार मानणार? ट्रान्झिस्टरच. दर बंद होण्याला कॉइलची सगळी साठलेली ऊर्जा तो स्वतःच्या अंगावर घेतो. पहिल्या दिवशी मरत नाही, तीन आठवडे मार खातो आणि मग मरतो.

डायोड कॉइलला समांतर हवा. पट्टी बॅटरीच्या प्लसकडे, दुसरं टोक कलेक्टरला. मग ट्रान्झिस्टर बंद झाल्यावर करंट कॉइलमधून डायोडमध्ये, डायोडमधून परत कॉइलमध्ये, असा गोल फिरतो आणि कॉइलच्या तारेच्या रेझिस्टन्समध्ये जिरून जातो. कलेक्टर जास्तीत जास्त बॅटरीपेक्षा एखादा व्होल्ट वर जाईल, बस.

लॅबमध्ये पोरांना हे मी स्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) दाखवते. १२ व्होल्टच्या रिलेचा डायोड काढला की कलेक्टरवरची रेघ सरळ वर उसळते आणि एका उंचीला तिचं डोकं सपाट होतं. पोरांना वाटतं स्कोप क्लिप झाला. नाही, ते सपाट डोकं म्हणजे ट्रान्झिस्टर ब्रेकडाऊनमध्ये गेलाय. डायोड लावला की तीच रेघ बारा-तेराला थांबते.

द्राक्षबाग दिंडोरी

ताई, डोळे उघडले. पण टीआयपी१२२ च्या आतच डायोड असतो ना? डेटाशीटच्या चित्रात दिसतो. दुकानदार पण तेच म्हणाला की याला वेगळा लावायची गरज नाही.

लॅबवाली गंगापूर रोड

असतो, पण तोही कलेक्टर-एमिटरमध्येच, तुम्ही बाहेरून लावला होता अगदी तसाच. मॉसफेटच्या (दुसऱ्या जातीचा ट्रान्झिस्टर) आतला बॉडी डायोड पण तसाच. तो कॉइलच्या या झटक्याला काही करत नाही. याला अपवाद यूएलएन२००३ सारखी आयसी, तिच्यात सातही आउटपुटचे डायोड कॉमन पिनकडे गेलेले असतात. ती ९ नंबरची पिन रिले किंवा कॉइलच्या प्लसला जोडायची. पोरं ती मोकळी सोडतात, आणि मग आयसीत डायोड असून काही उपयोग नाही.

सिन्नर फाटा

मग कोणता डायोड हा मूळ प्रश्न तसाच राहिला की. मी पण रिले बोर्ड बनवतो, मला सांगितलेलं की स्पाइकच्या दुप्पट व्होल्टेजचा डायोड घ्यायचा.

अंबडचा वायरमन

स्पाइकचा आणि डायोडच्या व्होल्टेजचा संबंध नाय भाऊ. डायोड नीट लागला तर स्पाइक तयारच होत नाही, मग त्याच्या दुप्पट काय नि तिप्पट काय. कॉइल ऑन असताना डायोडवर उलटा किती व्होल्टेज येतो तेवढंच बघायचं, आणि तो असतो सप्लायएवढा. १२ ची बॅटरी चार्जिंगला १४.४ पर्यंत जाते. म्हणजे ५० व्होल्टचा डायोड पण पुरेसा. ४००७ च्या ऐवजी ४००१ लावला तरी इथे काही फरक नाही, पण दोन्ही एकाच भावात मिळतात म्हणून सगळे ४००७ च ठेवतात, मी पण.

करंट बघायचा तो बंद करायच्या क्षणी कॉइलमध्ये जेवढा होता तेवढा. त्याच्यापेक्षा जास्त डायोडमधून जाऊच शकत नाही, तिथून तो फक्त कमी होत जातो. तुझी कॉइल ३० ओहम, बॅटरी १२ ला असली तर ४०० मिलीअँप, १४.४ ला ४८०. ४००७ एक अँपचा, क्षणभर ३० अँप सोसणारा. दिवसातून चार-सहा वेळा बंद होणाऱ्या व्हॉल्व्हला तो आयुष्यभर गरम पण होणार नाही.

आणि तुझे बीसी५४७ डायोडमुळे गेलेच नाहीत. तो १०० मिलीअँपचा ट्रान्झिस्टर, त्याच्या गळ्यात तू ४०० चं ओझं बांधलंस. डायोड कितीही चांगला लावला असता तरी गेलाच असता.

कोडवाला नाशिकरोड

पण ४००७ स्लो आहे हे खरंच आहे ना? रिव्हर्स रिकव्हरी मायक्रोसेकंदात आहे त्याची, ४१४८ ची ४ नॅनोसेकंद. इतक्या स्लो डायोडने स्पाइक आधीच निसटून नाही का जाणार?

लॅबवाली गंगापूर रोड

या एका गैरसमजाने भरपूर लोकांचे पैसे गेलेत. रिव्हर्स रिकव्हरी म्हणजे चालू असलेला डायोड *बंद* व्हायला लागणारा वेळ. फ्लायबॅकच्या, म्हणजे कॉइलच्या झटक्याच्या वेळी आपल्याला डायोड *चालू* व्हायला हवा असतो, आणि चालू व्हायला ४००७ सुद्धा पुरेसा झटपट आहे, रिलेची कॉइल काय नॅनोसेकंदात उसळत नाही.

बंद व्हायचा वेळ कधी नडतो? डायोडमधून करंट अजून फिरतोय आणि तेवढ्यात ट्रान्झिस्टर परत ऑन झाला तर. म्हणजे पीडब्ल्यूएम, भराभर ऑन-ऑफ करून पॉवर कमी-जास्त करणं. त्या क्षणी डायोड अजून उघडाच असतो आणि प्लसपासून ट्रान्झिस्टरमधून ग्राउंडपर्यंत क्षणभर सरळ शॉर्ट होतो. सेकंदाला वीस हजार वेळा असं झालं की दोघंही तापतात. तिथे शॉटकी किंवा यूएफ४००७ सारखा फास्ट डायोड पाहिजे, यूएफ ची रिकव्हरी ७५ नॅनोसेकंद आहे. रिलेला, ठिबकच्या व्हॉल्व्हला, दाराच्या कुलपाला साधा ४००७ बिनधास्त.

४१४८ छोट्या रिलेला चालतो, १२ व्होल्टच्या निळ्या रिलेची कॉइल ४०० ओहम म्हणजे जेमतेम ३० मिलीअँप. पण दादांच्या ४८० मिलीअँपला तो लावू नका, त्याची सतत वाहायची लायकी २००-३०० मिलीअँपची.

पिंपळगाव फवारणी

पीडब्ल्यूएमचा विषय निघाला म्हणून. मी बॅटरीच्या फवारणी पंपाला स्पीड रेग्युलेटर बनवलाय, १२ व्होल्टची मोटर, ३ अँप घेते. मॉसफेट ठीक आहे पण ४००७ दोनदा जळाला, अक्षरशः काळा पडला. पीडब्ल्यूएम तर फक्त ४९० हर्ट्झचा आहे.

लॅबवाली गंगापूर रोड

दादा तुमच्याकडे स्पीडचा नाही, सरासरी करंटचा प्रॉब्लेम आहे. मॉसफेट जेवढा वेळ बंद तेवढा वेळ मोटरचा सगळा करंट डायोडमधून. ४० टक्के ड्युटीवर (म्हणजे ४० टक्के वेळ ऑन) चालवलात आणि मोटरमध्ये ३ अँप असतील तर डायोडमध्ये उरलेल्या ६० टक्के वेळ ३ अँप, सरासरी १.८. एक अँपचा डायोड जळणारच. स्पीड कमी केला की मोटर गार पडेल असं वाटतं, आणि नेमका तेव्हाच डायोडवरचा वेळ वाढतो. १एन५८२२ लावा, ३ अँप ४० व्होल्टचा शॉटकी, पाय आखूड ठेवून सोल्डर करा म्हणजे उष्णता बोर्डात उतरेल. नोझल तुंबून मोटर अडकते तेव्हा करंट ३ च्या बराच वर जातो, त्यासाठी फ्यूज पाहिजेच.

अंबडचा वायरमन

शॉटकीबद्दल एक सावधगिरी माझ्याकडून. ५८१९, ५८२२ दोन्ही ४० व्होल्टचेच. १२ च्या सिस्टीमला ठीक. पण बागेत २४ व्होल्टची सिस्टीम असेल, दोन सोलर पॅनेल सिरीजमध्ये, आणि बॅटरीची वायर निसटली, तर मोकळ्या पॅनेलचा व्होल्टेज ४०-४४ पर्यंत जातो. चार्जरने ते अडवलं नाही तर डायोड गेला, आणि शॉटकी जाताना बहुतेक शॉर्ट होऊन जातो. शिवाय पत्र्याच्या पेटीत एप्रिल-मेच्या उन्हात शॉटकीचा लीकेज चांगलाच वाढतो. गरज नसेल तिथे तो लावायचा नाही असं माझं मत.

द्राक्षबाग दिंडोरी

थोडक्यात ४००७ च, फक्त जागा बदलून. पण डायोड बोर्डवर लावू का व्हॉल्व्हजवळ? ४० मीटर वायर आहे. आणि ईएसपी रिस्टार्ट होण्याचं काय?

लॅबवाली गंगापूर रोड

दोन्हीकडे लावा, रुपया-दोन रुपयांची वस्तू आहे. पण एकच लावायचा झाला तर बोर्डवर, ट्रान्झिस्टरच्या शेजारी. कारण ४० मीटर वायरचं स्वतःचं पण थोडं इंडक्टन्स असतं, डायोड फक्त व्हॉल्व्हला असेल तर वायरचा झटका ट्रान्झिस्टरलाच बसतो. आणि फक्त बोर्डवर असेल तर फिरता करंट सगळ्या वायरभर फिरतो. दोन्हीकडे असले की तो बराचसा कॉइलजवळच फिरून संपतो.

रिस्टार्टचं मोठं कारण तो न दाबलेला झटकाच असणार. पण तुमची ग्राउंडची वायरिंग पण बघा. कॉइलचा करंट आणि ईएसपीचा ग्राउंड एकाच बारीक वायरने बॅटरीकडे जात असेल तर दर ऑन-ऑफला ईएसपीच्या पायाखालची जमीन हलते. कॉइलचा ग्राउंड वेगळ्या जाड वायरने सरळ बॅटरीला न्या. बोर्डवर १२ व्होल्टला ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि ईएसपीच्या ३.३ व्होल्टला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा.

टीआयपी१२२ च्या जागी आयआरएलझेड४४एन लावा, ३.३ व्होल्टने तुमचा अर्धा अँप तो न तापता उघडतो. नाव नीट बघून घ्या, आयआर*एल* पाहिजे. आयआर*एफ*झेड४४ दिला तर तो ३.३ वर अर्धवट उघडेल. त्याच्या गेटपासून (कंट्रोलची पिन) ग्राउंडकडे १० किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे ईएसपी बूट होताना व्हॉल्व्ह आपोआप उघडणार नाही.

सिन्नर फाटा

मी ऐकलंय की डायोडने रिले सुटायला उशीर होतो आणि काँटॅक्ट जळतात. मग डायोड लावणंच नुकसानीचं नाही का?

अंबडचा वायरमन

अर्धी गोष्ट खरी आहे भाऊ, आणि माझ्या धंद्यात ही अर्धी गोष्ट फार महत्त्वाची. डायोडने करंट हळू विरतो. कॉइल हळू सोडते, काँटॅक्ट सावकाश उघडतात आणि उघडताना ठिणगी जास्त वेळ राहते. ठिबकच्या व्हॉल्व्हला वीस मिलीसेकंद उशीर झाला तर द्राक्षाला कळत पण नाही. पण रिलेने मोठा डीसी लोड तोडायचा असेल तर तिथे फरक पडतो.

मी हॉइस्टच्या (वजन उचलायचं यंत्र) ब्रेकचं काम करतो. मोटरच्या मागे डीसी ब्रेक असतो, कॉइलला करंट असला की ब्रेक उघडा, करंट गेला की स्प्रिंगने लागतो. तिथे करंट फिरत राहिला तर ब्रेक उशिरा लागतो, वजन हातभर खाली सरकतं, आणि खाली माणूस उभा असतो. एका कारखान्यात हेच बघितलंय. ब्रेक हळू लागतो म्हणून सगळे ब्रेक लायनिंग बदलत बसले होते, आणि करंट तोडत होते रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणारा) एसी बाजूने. मग रेक्टिफायरच फ्लायबॅक डायोडचं काम करतो, करंट त्याच्यातूनच फिरत राहतो. डीसी बाजूने तोडलं, तिथे व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज झाला की वाट देणारा) लावला, ब्रेक खटकन लागायला लागला.

लॅबवाली गंगापूर रोड

+१. लवकर सोडवायचं असेल तर कॉइलला जेवढा जास्त उलटा व्होल्टेज उभा करू द्याल तेवढा करंट लवकर संपतो. म्हणून डायोडच्या सिरीजमध्ये एक झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलटा पण वाहणारा डायोड) लावायचा, उलट्या दिशेने. १२ व्होल्टची बॅटरी आणि २४ चा झेनर असेल तर कलेक्टर १२ अधिक २४ अधिक ०.७, म्हणजे साधारण ३७ पर्यंत जाईल. ४५ व्होल्टच्या बीसी३३७ ला चालतं, पण चार्जिंगला बॅटरी १४.४ ला असताना ते ३९ होतं, तेवढी जागा ठेवूनच झेनर निवडायचा.

झेनरऐवजी रेझिस्टर पण चालतो. ३० मिलीअँपच्या रिलेला ४०० ओहम लावला की पहिल्या क्षणी त्याच्यावर १२ व्होल्ट. पण अर्ध्या अँपच्या कॉइलला तोच ४०० ओहम लावलात तर २०० व्होल्ट होतील, तेव्हा दुसऱ्याच्या सर्किटमधला आकडा उचलून लावू नका.

द्राक्षबाग दिंडोरी

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय. सगळं बदललं. आयआरएलझेड४४एन, डायोड दोन्हीकडे, जाड ग्राउंड. चारही प्लॉट बिनचूक चालतायत, ईएसपी एकदाही रिस्टार्ट झाला नाही.

पण नवीन भानगड झालीये. मेन लाईनला एक लॅचिंग व्हॉल्व्ह आहे, त्याला एल२९८ चं एच-ब्रिज मॉड्यूल लावलंय, एका दिशेने पल्स दिला की उघडतो, उलटा दिला की बंद. तो आधी ठीक होता. मी सगळीकडे लावतोय तर तिथे पण कॉइलला एक ४००७ लावला. आता उघडतो पण बंदच होत नाही, आणि मॉड्यूल हात लावू देत नाही इतकं तापतं.

लॅबवाली गंगापूर रोड

आत्ताच्या आत्ता तो डायोड काढा. हे मी आधीच सांगायला हवं होतं. लॅचिंग कॉइलला करंट दोन्ही दिशांनी द्यावा लागतो. एका दिशेने डायोड उलटा, ठीक. दुसऱ्या दिशेने पल्स दिलात की डायोड सरळ होतो आणि सगळा पल्स कॉइलला बगल देऊन डायोडमधूनच जातो, म्हणजे एच-ब्रिजला थेट शॉर्ट. एल२९८ च्या मॉड्यूलवर आधीच आठ डायोड असतात, चार आउटपुटला प्रत्येकी दोन, एक प्लसकडे, एक ग्राउंडकडे. करंट कुठल्याही दिशेचा असो, वाट तयार आहे. लांब वायरमुळे व्हॉल्व्हजवळ काही लावायचंच असेल तर दोन्ही बाजूंनी सारखा असणारा टीव्हीएस डायोड (झटका दाबणारा) लावा, बायडायरेक्शनल म्हणून मागा.

द्राक्षबाग दिंडोरी

काढला. मॉड्यूल वाचलं, व्हॉल्व्ह दोन्हीकडे टक्क करून बसतो. आता फक्त मोटरचा स्टार्टर राहिला. ५ एचपीची थ्री फेज आहे, विचार असा की निळ्या रिलेने स्टार्टरची कॉइल चालवायची. तिला डायोड कुठल्या बाजूने?

अंबडचा वायरमन

थांब भाऊ. स्टार्टरची कॉइल एसीवर चालते, तिला डायोड कुठल्याच बाजूने लावायचा नाही, प्रत्येक अर्ध्या सायकलला शॉर्ट होईल. तिथे आरसी स्नबर लागतो, १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये, कॉइलला समांतर. पण आधी कॉइलवर छापलेला व्होल्टेज वाचून सांग.

द्राक्षबाग दिंडोरी

टॉर्च मारून बघितलं, ४१५ लिहिलंय.

अंबडचा वायरमन

मग निळा रिले थेट नको, त्याचे काँटॅक्ट २५० व्होल्टपर्यंतचेच. आणि स्नबरला दुकानात मिळतो तो एक्स-२ कपॅसिटर बहुतेक २७५ व्होल्टचा असतो, तो ४१५ वर फुटतो. मध्ये एक छोटा काँटॅक्टर टाकू, २३० च्या कॉइलचा, रिलेने तो चालवायचा आणि त्याच्या काँटॅक्टने स्टार्टरची कॉइल. न्यूट्रल पेटीपर्यंत आलाय का बघून ठेव. रविवारी पिंपळगावला काम आहे, परत येताना तुझ्याकडे वळतो. तोपर्यंत स्टार्टर हातानेच चालव, आणि पेटी उघडायच्या आधी मेन खाली पाड.